मामांची औषधाची हळद

ड्रम थांबला की मामा अंगठा आधी जिभेला लावायचे, मग त्याच अंगठ्यानं हळकुंड घासून रंग बघायचे आणि अंगठा पुन्हा चाटायचे. मी ओरडले की म्हणायचे, "हळदच हाय ना आक्का. हळदीनं कोण मेलं?"

वसमतजवळच्या एका कारखान्यात ते, तिथल्या सगळ्यांचेच मामा, हळद पॉलिश करायचा ड्रम चालवायचे, मी बाहेर हळकुंडं निवडायची. ड्रममध्ये पाण्यासोबत बिननावाच्या गोणीतली पिवळी पूड पडायची. मग हळकुंडं अशी झळकायची की व्यापारी उड्या मारायचे. तुम्हीसुद्धा दुकानात पिवळीजर्द बघूनच बोट दाखवता ना? मी तर तेव्हा इतकी शहाणी, की मामांकडून चिमूटभर मागून तोंडाला फासायची. गोरं व्हायचं होतं. झेंडूसारखी घरभर फिरायची आणि नवरा हसला की म्हणायची, याला रूपाची कदर नाही.

मग मामांच्या पोटात मुरडा यायला लागला. मामी आणि मी त्यांना ओढत नांदेडला नेलं. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, ती पूड म्हणजे पाट्या रंगवायचा रंग, त्यातलं शिसं अंगात भिनलंय. काम सोडा. तोवर उघडा हात लावू नका, नाक-तोंड झाका, तिथं जेवू नका, कपडे बदलूनच घरी जा.

"शिसं तर पेन्सिलीत असतंय," मामा बाहेर येऊन म्हणाले. "पोरं रोज चावतात."

मी त्या दिवशी तोंड सोलून निघेपर्यंत घासलं. मामांनी मात्र मी दिलेला मास्क ड्रमच्या दांडीला अडकवून ठेवला. रुमाल बांधला तो डोक्याला, केस पिवळे होतात म्हणून. हौदावर साबण ठेवला तर दुसऱ्या दिवशी गायब. मामीला नेऊन दिला होता. "नवा साबण कारखान्यात काहून नासवायचा?" मालकाला पुडीचं सांगितलं तर तो म्हणाला, सगळेच टाकतात.

एकदा त्यांच्या घरी गेले तर मामा पोट धरून बसलेले आणि मामी गरम दुधात हळद ढवळत होती. ड्रमखालची झाडलोट मामा घरी आणायचे. साधी हळद लागू पडत नाही, मामी म्हणाली, दुखलं की हीच देते.

मी पेला हिसकावून अंगणात ओतला.

"औषध सांडलंस तू," मामा म्हणाले. त्यांनी मला अरे-तुरे केलेलं तेवढं एकदाच.

पुढं मनगट लुळं पडलं. अंगठा जिभेपर्यंत न्यायलाही दुसरा हात लागायचा, तरी न्यायचे. मग गेलेच.

तेराव्यानंतर मामीनं त्याच हळदीची काचेची बरणी माझ्यापुढं ठेवली. "त्यांच्या हातची हाय आक्का. वाया काहून घालायची?" कुणी खाऊ नये म्हणून मी ती उचलून आणली. ओढ्यात टाकावी तर शेरडं पाणी पितात. शेतात पुरावी तर तिथं माझी हळद. ग्रामपंचायतीत विचारायला गेले तर तिथला बाबू हसला. "मावशी, हळदच हाय ना? भाजीत घाला की."

झाकणाला चिकटपट्टी लावून फळीवर ठेवलीय. शेजारच्या बरणीतली माझ्या शेतातली हळद उजेडानं पार फिकी पडली. मामांची तशीच आहे, पिवळीजर्द.