तुळसाबाईंनी मोजलेला पाऊस

तुळसाबाई गजघाटे एकतीस वर्षं नागपूरच्या एका शेतकी शाळेत शिपाई होत्या. झाडलोट करायची, चहा द्यायचा, मजुरांना हाका मारून बोलवायचं, ही त्यांची कामं. पाऊस मोजायचं काम एका बाबूकडे होतं, पण बाबू रविवारी येत नसे आणि पाऊस रविवारीही येई. मग त्यानंच एकदा काचेचं माप डोळ्यांसमोर कसं धरायचं ते बाईंना दाखवलं. दोन वर्षांत बाबूची बदली झाली आणि काम बाईंकडेच राहिलं. सकाळी साडेआठला बाटली काढायची, पाणी मापात ओतायचं, आकडा वहीत लिहायचा. एवढंच काम होतं, आणि ते त्यांना आवडायचं. या एकाच कामात त्यांना कोणी घाई करत नव्हतं.

निवृत्त होताना त्यांनी शाळेनं भंगारात काढलेलं पर्जन्यमापक मागून घेतलं. त्याच्या बाहेरच्या डब्याच्या बुडाला चीर गेली होती, पण नरसाळं आणि आतली बाटली शाबूत होती. नाल्याकाठच्या वस्तीत, चढाच्या बाजूला त्यांचं घर होतं. तिथं सून आणि नात पायल यांच्यासोबत त्या राहत. मापक गच्चीवर बसवलं आणि नोंदी चालू ठेवल्या. त्या नोंदी कोणी मागत नव्हतं.

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबतीची मिरवणूक होऊन आठवडा झाला होता. गुरुवारी पहाटे पाऊस सुरू झाला तो थांबेना. उजाडल्यावर, साडेसहाच्या सुमारास, नाल्याचं पाणी वस्तीत शिरलं. खालच्या गल्लीत धोंडबाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, मागं दोन खोल्या. धोंडबा पाणी कुठवर आलं ते पाहायला नाल्याकडे गेला होता. परत आला तेव्हा त्याच्याच दारात छातीभर पाणी होतं. आतल्या खोलीत त्याची बहीण गोपिका होती. अर्धांगवायूनं तिची डावी बाजू गेलेली. दार आतल्या बाजूला उघडायचं, आणि आतून पाण्याचा दाब. तिघांनी मिळून ते फोडलं तोवर उशीर झाला होता.

तुळसाबाई साडेआठला गच्चीवर गेल्या. पाऊस नुकताच थांबला होता. बाटली काठोकाठ भरली होती, आणि वरून सांडलेलं पाणी बुडाच्या चिरेतून निघून गेलं होतं. बाटली दोनशे मिलिमीटरची. वहीत त्यांनी लिहिलं, "दोनशेपेक्षा जास्त. किती ते माहीत नाही." आजवर एवढ्या वर्षांत त्यांनी एका दिवसात मोजलेला सगळ्यात मोठा पाऊस एकशे शहाऐंशी होता.

शनिवारी बुद्धविहाराच्या सभागृहात वस्तीची आणि नाल्यापलीकडच्या लेआउटची, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या कॉलनीची, एकत्र बैठक झाली. दोन्हीकडच्या घरांत पाणी शिरलं होतं. पूर काहून आला, यावर दोन तास बोलणं चाललं. एक म्हातारी म्हणाली, यंदा मारबत आपल्या गल्लीतून गेलीच नाही, मग ईडा-पीडा कशी जाईल. कोणी म्हणालं, वर रॉकेटं सोडून सोडून आभाळ फाटलं. कॉलेजात जाणाऱ्या पियूषनं मोबाइलवर जगभरच्या पुरांची चित्रं दाखवली आणि पृथ्वी तापल्याचं सांगितलं. मग तोच म्हणाला, "पण आपल्या इथं पाणी नाल्यावरच्या स्लॅबनं आलं. पाऊस दरवर्षीसारखाच होता. नाला बुजवून वर पार्किंग केली, पाणी जाईन कुठून?"

तेव्हा विश्वनाथ मोहरील उठले. ते लेआउटमध्ये राहत. सरकारी खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले, शांत बोलणारे गृहस्थ. "ढगफुटी होती," ते म्हणाले. "तीनशेच्या वर पाऊस झाला असेल. एवढं पाणी जगातला कुठलाच नाला वाहून नेत नाही. स्लॅबचा काही संबंध नाही."

कोणीतरी म्हणालं, "तुळसाबाईले इचारा. त्या मोजतात."

तुळसाबाई मागच्या रांगेत होत्या. त्या उठून म्हणाल्या, "माही बाटली दोनशेची हाय. ते भरून सांडली. वरचं मले माहीत नाही."

"मंजे दोनशेच धरा," पियूष म्हणाला.

"म्हणजे तीनशेही असू शकतो," मोहरील म्हणाले.

"माहीत नाही म्हणजे माहीत नाही," बाई म्हणाल्या आणि बसल्या. दोन्ही बाजूंचे लोक त्यांच्यावर थोडे नाराज झाले. धोंडबा भिंतीला टेकून बसला होता. तो दोन तासांत एक शब्द बोलला नाही.

रविवारपासून तुळसाबाई घरोघर फिरू लागल्या. गुरुवारी पावसात कोणाचं सरळ उभ्या भिंतीचं भांडं उघड्यावर राहिलं होतं का, एवढंच त्या विचारत. वर रुंद आणि खाली निमुळतं भांडं त्यांना चालत नव्हतं, म्हणजे बादल्या, घमेली बाद; त्यांत पाण्याची उंची पावसाइतकी राहत नाही. झाडाखालचं, पत्र्याच्या धारेखालचं नको होतं. ड्रम बऱ्याच घरी होते, पण नळाला दोन दिवस पाणी नव्हतं. बायांनी ड्रमांतलं पाणी चिखल धुवायला वापरून टाकलं होतं. काही बायांना वाटलं, बाई आता थकल्या, डोकं चालत नाही.

एकच घर कुलूपबंद होतं. तिथली सोनिका सासूला घेऊन धंतोलीच्या एका दवाखान्यात होती, मंगळवारपासून. शेजारच्या गच्चीवरून पाहिलं तर तिच्या गच्चीवर तेलाचा पिपा उभा होता. वरचं तोंड पूर्ण कापलेला.

सोमवारी तुळसाबाई ऑटोनं धंतोलीला गेल्या. सोनिका कॉरिडॉरमधल्या बाकावर बसली होती. बाईंना पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, तुम्ही आल्या. वस्तीतून कोणीच आलं नाही. सगळे पुरात अडकले, मले समजते ते."

यावर पिप्याचं कसं काढायचं ते बाईंना सुचेना. त्या तासभर बसल्या, म्हातारीला भेटल्या, तिच्या पायांवरून हात फिरवला. सोनिकाला खाली पाठवून जेवायला लावलं. शेवटी निघताना म्हणाल्या, "सोनिका, मी खरं सांगतो वं. मी बुढीले पाहाले नव्हती आली. तुह्या गच्चीवर पिपा हाय, त्यासाठी आली."

सोनिकानं विचारलं, "पिपा?"

"तो रिकामा होता का? कोरडा?"

"हाव. मंगळवारी धुतला आन वाळाले ठेवला. गहू भराचे होते. मग आईची तब्येत बिघडली." तिनं पर्समधून किल्ली काढून दिली. "काय करता त्याचं?"

"पाऊस मोजतो."

 दुसऱ्या दिवसापासून तुळसाबाईंची सून आणि शेजारची एक बाई आळीपाळीनं दवाखान्यात डबा नेऊ लागल्या. ते बाईंनीच घरी सांगितलं होतं.

गच्चीवर त्या चढल्या तेव्हा मोहरील नाल्यापलीकडे आपल्या गच्चीवर उभे होते. त्यांनी बाईंना पाहिलं, काय चाललंय ते ओळखलं, आणि दहा मिनिटांत पोलादी टेप घेऊन स्वतः आले. पिपा सरळ उभा आहे का ते त्यांनी चारही बाजूंनी पाहिलं. मग टेप आत सोडला.

"दोनशे चौतीस," ते म्हणाले.

"परवा चौदा पडला," बाई म्हणाल्या. "तो माह्या बाटलीत नीट मोजला. तो वजा करा. मंगळवार, बुधवार कोरडे होते. उन्हानं एक-दोन उडाला असंल, तो मिळवा."

"दोनशे बावीस."

"आसपास."

मोहरील पिप्याच्या काठावर हात ठेवून उभे राहिले. खाली गल्लीत लोक गाद्या उन्हात टाकत होते. ते म्हणाले, "तीनशे नाही."

"नाही. पण दरवर्षीसारखाही नाही. मी एवढा कधी मोजला नाही."

"तुळसाबाई, तो स्लॅब माझ्या हाताखाली झाला. बावीस वर्षं झाली. मोजणी करून मी खालून पाणी जायला तीन मोऱ्या सुचवल्या होत्या. जागेवर दोनच बसवल्या. मला ते ठाऊक होतं. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही मी केली."

बाईंनी विचारलं, "तिसरी असती, तं पाणी आलं नसतं?"

"आलंच असतं. दोनशे बावीसला आलंच असतं." त्यांनी टेप गुंडाळला. "कमरेइतकं. छातीइतकं नाही. असं मला वाटतं, नक्की सांगता येत नाही."

गोपिकाची खाट उंच पायांची, कमरेला येईल अशी होती, हे दोघांनाही माहीत होतं. अंत्ययात्रेच्या दिवशी ती दारातच उभी करून ठेवली होती.  बाईंनी पिपा आडवा करून पाणी सोडलं, कापडानं पुसला आणि उन्हात उलटा ठेवला.

पुढच्या शनिवारी दुसरी बैठक झाली. तुळसाबाईंनी आकडा सांगितला, तो कसा काढला तेही सांगितलं. पियूष म्हणाला, एका पिप्यावर कोण विश्वास ठेवतो. मग मोहरील उठले आणि गच्चीवर जे बोलले होते तेच त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, तेवढ्याच शब्दांत. सभागृहात गलका झाला. लेआउटमधले दोघे-तिघे त्यांच्यावरच चिडले, कारण पार्किंग त्यांची होती. एक माणूस मोहरीलांच्या अंगावर धावून गेला. तेव्हा धोंडबा पहिल्यांदा बोलला, "त्यायले बसू द्या गा. एवढं तरी कोणी सांगितलं."

त्यानंतर पियूषनं वस्तीतर्फे अर्ज लिहिला. त्यात मोहरीलांचं निवेदन जोडलं, आणि तुळसाबाईंच्या वहीच्या पानाची झेरॉक्सही. डिसेंबरात चौकशीचा अहवाल आला. पुराचं कारण म्हणून त्यात अभूतपूर्व अतिवृष्टी असं लिहिलं होतं, आणि शेवटच्या पानावर स्लॅबखालचा मार्ग अपुरा असल्याचं एक वाक्य होतं. पावसाच्या रकान्यात दोनशे बावीस हा आकडा होता. "स्थानिक नोंद" असं त्याच्याखाली बारीक अक्षरात छापलेलं. पियूषनं विचारलं, बाईंचं नाव का नाही म्हणून पत्र लिहू का. बाई म्हणाल्या, "आकडा बरोबर लिहिला ना? मग राहू दे."

मार्चमध्ये स्लॅबची एक बाजू तोडली. तिसऱ्या मोरीसाठी खड्डा खणला गेला आणि मे संपेपर्यंत तो तसाच होता. मोहरील रोज सकाळी फिरायला जाताना तिथं थांबत, आणि मजूर असले तर खोली विचारत. पार्किंगवाल्या शेजाऱ्यांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. सोनिकाची सासू बरी होऊन घरी आली.

धोंडबानं दुकान मोडलं. तो खापा या गावी पुतण्याकडे राहायला गेला. तिथं बाजारात सायकलींचं काम मिळालं. कन्हान नदी जवळच होती, म्हणून लोकांनी त्याला विचारलंही, नदीकाठी काहून चालला. तो म्हणाला, दुसरीकडे कोणी नाही.

जुलैत एका सकाळी त्याचा तुळसाबाईंना फोन आला. नऊ वाजले होते.

"बाई, तिकडं किती पडला?"

"एकोणचाळीस. तिकडं?"

"इकडं कोणी मोजत नाही. जोराचा होता." मागं भांड्यांचा आवाज येत होता. "पुतण्या म्हणते, नदी अजून खाली हाय. मी खाट माडीवर नेली, जिना अरुंद हाय, दोघं लागले."

"बरं केलं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी त्याला सरळ उभ्या भिंतीचा एखादा डबा उघड्यावर, झाडापासून लांब ठेवायला सांगितला, आणि पाणी रोज साडेआठला मोजायचं, हेही सांगितलं.