मुखपृष्ठावरचा वाघ

१९ जानेवारी. कपाट आवरायला काढलं आणि मी मांडलेलं एक जुनं माहितीपत्रक हाती लागलं; त्याच्या गुळगुळीत कागदाला अजून रॉकेलसारखा वास होता. काही वर्षांपूर्वी पाटणकडच्या एका निवृत्त फौजींनी सगळी पुंजी घालून जंगलाकाठी पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. त्यांच्या माहितीपत्रकाची पानं पक्की करायला ते बायकोसह सांगलीला माझ्याकडे आले. मी मुखपृष्ठावर पानभर शेकरू घेतलं होतं, त्याची झुपकेदार शेपटी घडीवरून मागच्या पानावर उतरत होती. फौजी म्हणाले, "ताई, खार बघायला कोण येतंय? वाघ टाका, न्हाईतर खोल्या मोकळ्याच ऱ्हातील." तिकडे वाघ सहसा दिसत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी मी वाघ लावून दाखवला. ते खूश झाले. बायको मात्र संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाली, "आवं, पावणं वाघ दाखवा म्हणून दारात बसलं, तर तुमी अंगावर पट्टं रंगवून फिरणार व्हय?" फौजी इतके हसले की बशीतला चहा सांडला. "लावा तुमची खार," ते म्हणाले, "पण लय मोठी लावा." मी शेकरू आणखी वाढवलं. तरी निघताना ते दोनदा वाघाकडे वळून बघत होते, म्हणून मी रात्रीच फोन बंद करून ठेवला, दुसऱ्या दिवशी सकाळी आधी फाईल छापखान्यात पोचवली आणि मगच तो चालू केला.