कॅप्टनचं गोत्र

घरातला एखादा माणूस एकाच गोष्टीचा वेडा असला की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. आमच्याकडे तो माणूस म्हणजे माझा दादा. बनारसला ब्रह्मा घाटाजवळ आमच्या पाच पिढ्या गेल्या. दादा भिक्षुक, महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची श्राद्धकर्मं करतो. आणि लहानपणापासून भक्त आहे तो एका परदेशी, हिंदीत डब केलेल्या अंतराळ-मालिकेचा! तिचं नाव लांबलचक. आम्ही घरात नुसतं 'यान' म्हणतो. मी शाळेत फिजिक्स शिकवते, लग्न केलं नाही, दादा-वहिनींबरोबरच राहते. म्हणून बहुतेक किस्से माझ्या डोळ्यांदेखतचे. हसवायला म्हणून सांगायला घेते आणि दर वेळी भलतीकडेच जाऊन पोचते.

*

तेव्हा यान रविवारी सकाळी लागायचं, आणि बिजली नेमकी तेव्हाच जायची. एकदा कॅप्टन एका विझत्या ताऱ्याजवळ अडकला, आणि बत्ती गुल! दादा दहा-अकरा वर्षांचा. दिवसभर जेवला नाही. शेवटी त्या भागाचा शेवट त्याने स्वतःच लिहून काढला. कुठे? वेदपाठाच्या वहीत!

आमचे वडील, अण्णा, घनपाठी वैदिक. वही नेमकी त्यांच्याच हाती लागली. दादा दाराआड उभा. अण्णांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली, वही मिटली आणि म्हणाले, "ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका आहेत."

बस्स, एवढंच! पुढच्या रविवारी अण्णा टीव्हीकडे पाठ करून जपाला बसले. एरवी त्यांचा जप अर्ध्या तासात आटपायचा. त्या दिवशी तो बरोबर यान संपलं तेव्हा संपला.

*

वहिनी ग्वाल्हेरची. मुलगी बघायला गेलो तेव्हा दादाने एकच प्रश्न विचारला, "यान बघता का?"

"हो तर! आमच्याकडे सगळेच बघतात," वहिनी म्हणाली. दादाने तिथेच होकार दिला.

लग्नानंतर त्याने मोठ्या हौसेने सीडी लावली. वहिनीने दहा मिनिटं बघितलं आणि हळूच माझ्या कानात विचारलं, "वन्सं, यात राम केव्हा येतो?"

तिला वाटलं होतं, यान म्हणजे रामायणातलं पुष्पक विमान!

दादाला कळलं तेव्हा तो रागावला नाही. तीही उठून गेली नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून भाजी निवडायची. एका ग्रहाचं नाव तिला कधी धड घेता आलं नाही.

*

मग जुई झाली, दादाची एकुलती एक. तोवर यानाच्या नवनव्या मालिका निघत होत्या, नवे कॅप्टन येत होते. बाप-लेक सगळ्या बघायचे. पण दोघांचंही एकच म्हणणं, खरा कॅप्टन पहिलाच.

जुई पहिलीत असताना मॅडमनी वर्गात विचारलं, "तुम्हारे पिताजी क्या करते हैं?"

जुई म्हणाली, "सुबह पंडित हैं, शाम को अंतरिक्ष में रहते हैं."

मॅडमनी वहिनीला बोलावून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "बहनजी, शराब की आदत छुड़ाई जा सकती है."

वहिनी घरी येऊन इतकी हसली, इतकी हसली, की दूध उतू गेलं. जुईची आठवण निघाली की मी मुद्दाम हा किस्सा सांगते. कारण पुढचा सांगावासा वाटत नाही.

*

जुई सतरा वर्षांची असताना तिच्या रक्तात दोष निघाला. पाच महिने हॉस्पिटलच्या फेऱ्या. वॉर्डात ती पडलेली, दादा स्टुलावर. मोबाइल उशीला टेकवलेला, इयरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक त्याच्या. नर्स म्हणायची, "पंडितजी, मरीज़ को आराम करने दीजिए." जुई म्हणायची, "दीदी, ये आराम ही है!"

नव्या मालिकेचा शेवटचा भाग तेवढा उरला होता. दादाने तो फोनवर सुरू केला तर तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

"बाबा, हा इथे नको. घरी जाऊन बघू."

"बरं. घरी जाऊन," दादा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच घरी आला, तिला शेवटचे घालायचे कपडे न्यायला. फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "हे यातून काढून टाक."

मी तो शेवटचा भाग काढून टाकला.

*

त्यानंतर दादाने यान बघितलं नाही. चार वर्षं. भिंतीवरचं यानाचं चित्र उतरवलं, सीडी पेटीत गेल्या. कुणी विषय काढलाच तर म्हणायचा, "आता नजर साथ देत नाही." वर्तमानपत्र मात्र चष्म्याशिवाय वाचायचा.

एकदा शाळा लवकर सुटली म्हणून मी दुपारीच घरी आले. दादा घाटावर होता. स्वयंपाकघरात वहिनी जमिनीवर बसली होती, फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला. यान चालू होतं! तोच शेवटचा भाग.

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही?"

ती दचकली, पण फोन बंद केला नाही. "तिसऱ्यांदा बघतेय. अर्धं तर समजतच नाही मला. कोण कुणाचा भाऊ, कोण मशीन, काही पत्ता लागत नाही."

"मग कशाला बघता?"

तिने पदराने डोळे पुसले. "हे कधी ना कधी विचारतील, वन्सं, काय झालं म्हणून. घरात कुणाला तरी सांगता आलं पाहिजे ना?"

दादाने अजून विचारलेलं नाही.

*

मागच्या उन्हाळ्यात तो पहिला कॅप्टन, म्हणजे त्याचं काम करणारा नट, तिकडे परदेशात वारला. चांगला म्हातारा होऊन गेला. बातमी मीच दादाला वाचून दाखवली. तो "हं" म्हणाला आणि पंचा खांद्यावर टाकून घाटावर निघून गेला.

मग पितृपक्ष आला. सर्वपित्री अमावास्येला सगळी कामं आटोपून दादा स्वतःच्या घरच्या तर्पणाला पायरीवर बसला. वहिनी आणि मी वरच्या पायरीवर. दक्षिणेकडे तोंड, हातात दर्भ, तीळ. अण्णा झाले, आजोबा-पणजोबा झाले, आई झाली. मुलीचं नाव येतं त्या ठिकाणी दादा दर वर्षी थांबतो आणि नाव न घेताच पुढे जातो. याही वर्षी थांबला आणि पुढे गेला.

सगळ्यात शेवटी आप्त येतात. तिथे दादाने त्या नटाचं नाव घेतलं. पूर्ण, आडनावासकट!

वहिनी पुढे वाकली. "अहो, त्यांचं गोत्र?"

"माहीत नसलं की काश्यप," दादा म्हणाला आणि तीन वेळा पाणी सोडलं.

मला वाटलं, आता उठेल. पण तो तसाच बसून राहिला. ओंजळ रिकामी, तरी जोडलेलीच. मग पाण्याकडे बघत, अगदी हळू आवाजात, शेजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाला, "कप्तान साहब, हमारी जुई उधर ही है. चार साल हो गए. जरा देख लीजिएगा."

 नावाडी ओरडत होते, पायऱ्यांवर यजमानांची गर्दी होती. बऱ्याच वेळाने वहिनीने विचारलं, "हिंदीत का हो बोललात?"

दादाने पंच्याने तोंड पुसलं.

"त्यांना मराठी कुठे येतं?"