उमरग्याहून आणलेला खुर्चीचा हात

घरातलं जुनं सामान फेकून न देता दुरुस्त करून वापरणाऱ्या बंधुभगिनींनो, तुमची-माझी तक्रार एकच आहे. खुर्चीचा हात मोडतो आणि दुकानदार अख्खी नवी खुर्ची गळ्यात मारायला बघतो. उमरग्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात मी नुकताच जाऊन आलो. तुम्हीही जाल, म्हणून हे लिहितो.

माझ्या वडिलांना, अण्णांना, दमा आहे. आडवं पडलं की श्वास कोंडतो, म्हणून ते आरामखुर्चीत, तिच्या रुंद उजव्या हातावर रेलून झोपतात. तो हात मोडल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. खुर्ची सागवानी, आणि आमच्या जळकोटच्या सुताराकडं फक्त बाभूळ होती. तो म्हणाला, या हैद्राबादी खुर्च्या सगळ्या एका मापाच्या. हैद्राबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर निजामाच्या जुन्या कचेऱ्यांचं सामान ट्रकांनी उमरग्यात उतरतं, तिथं सुटा हात मिळेल.

मापासाठी मोडका हात टॉवेलात गुंडाळून सकाळच्या एस.टी.त चढलो. गाडी सोलापूरहूनच भरून येते, बसायला मिळेल या भरवशावर राहू नका. शेजारच्या शेतकऱ्यानं टॉवेलातून डोकावणारं लाकूड पाहिलं.

"कुणाला हाणाया निघालाव, गुरुजी?"

"अजून ठरलं नाही," मी म्हणालो. सगळी गाडी हसली.

येणेगूरला गाडी थांबते तेव्हा भजी खाऊन घ्या. बाजारच्या दिवशी उमरग्याच्या खानावळीत ताटकळावं लागतं.

पहिल्या दुकानात मला अस्सल सागवान म्हणून एक हात दाखवला. मी अंगठा ओला करून घासला, अंगठा तांबडा झाला. निजामाचं राज्य गेलं, पण गिऱ्हाइकाला रयत समजणारे गेले नाहीत, असं मी तिथंच मोठ्यानं सांगितलं. चार माणसं जमली. दुकानदारानं हात मुकाट्यानं आत ठेवला.

दुसरं दुकान ट्रकअड्ड्यामागं होतं. इथला हात खरा सागवानी निघाला. खाच जुळली, लांबी जुळली. इतकं सरळ काम होतंय म्हटल्यावर माझा संशय वाढला. वरच्या बाजूला ताजा रंधा का मारलाय, असं विचारलं तर उत्तर आलं, गिऱ्हाइकाला गुळगुळीत लागतं. मी हात उजेडात तिरका धरला. रंधा मारणाऱ्यानं नाव पार खरवडलं होतं, पण कडेला कोरलेली अक्षरं पॉलिशखाली शिल्लक होती: यांच्या स्मरणार्थ.

आपल्याकडं वाचनालयाला खुर्ची द्यायची तर गेलेल्या माणसाचं नाव कोरूनच देतात. हे कचेरीतलं सामान नव्हतं.

"हे कुठल्या वाचनालयाचं?" मी विचारलं.

"मला काय ठाव? मोडीत आलंय."

"मग नाव का खरवडलं?"

"मालक, नाव असलेला हात तुमी घेतला असता व्हय?"

हात तिथंच टाकला असता तर उरलेली अक्षरंही रंध्याखाली गेली असती, आणि घरी अण्णा बसल्या बसल्या धापा टाकत होते. मी तो विकत घेतला. परतीच्या गाडीत कुणी काही विचारू नये म्हणून पुरता झाकून आणला.

सुतारानं हात बसवला तेव्हा मी अण्णांना सगळं सांगितलं. अण्णांनी आयुष्यभर शाळेत शिकवलं, गावोगावी वाचनालयं निघावीत म्हणून पायपीट केली. त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"ज्यांचं असंल ते आले तर मला उठीव," ते म्हणाले. "तवर निजू दे."

त्या रात्री ते झोपले. मी मात्र जागा होतो. एक हात माझ्या घरी पोचला. बाकीची खुर्ची कुठं आहे आणि असे किती हात कुणाकुणाच्या घरी पोचलेत, हेच डोक्यात घोळत होतं.

वाचकहो, आजच आपल्या गावच्या वाचनालयात जा आणि प्रत्येक आरामखुर्चीचे दोन्ही हात जागेवर आहेत का ते बघा. जिचा उजवा हात नसेल, तिचं माप घेऊन जळकोटला माझ्याकडं या. मी अण्णांना उठवीन.