माझी निरंतर शिक्षा

माझ्या सासूबाईंच्या समजुतीप्रमाणे मी लखनौमध्ये जन्मठेपेचा कैदी होतो. गुन्ह्याचं कारण: एक सुंदर बाई. प्रत्यक्षात मी दातांचा डॉक्टर होतो आणि नवीन पद्धतीचे दात बसवायला शिकण्यासाठी एका कोर्सला चाललो होतो. पण हे सासूबाईंना कळेपर्यंत माझ्या मेहुणीचं जमत आलेलं लग्न मोडता मोडता राहिलं!

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चारबाग स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर खाली माझा दवाखाना आणि वर आमचं बिऱ्हाड. बायको सुमन बँकेत नोकरीला. तिची धाकटी बहीण विद्या, हिच्यासाठी लखनौतलंच एक मराठी स्थळ आलं होतं. आगाशेकाका इथल्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, मुलगा श्रीकांत इंजिनिअर, माणसं एकदम निर्व्यसनी (पान सोडून. लखनौत पान व्यसनात धरत नाहीत!). रविवारी ही मंडळी आमच्या घरी मुलगी बघायला येणार होती आणि त्यासाठी सासूबाई विद्याला घेऊन थेट सांगलीहून आल्या होत्या. सासऱ्यांना रजा मिळाली नव्हती. त्यामुळे सगळी जोखीम सासूबाईंच्या एकटीच्या डोक्यावर. "हे एवढं जमलं की मी सुटले," असं त्या स्टेशनवर हमालाशी भांडता भांडतासुद्धा मला तीनदा म्हणाल्या.

आणि नेमका त्याच रविवारनंतरच्या सोमवारी माझा कोर्स सुरू होत होता. चांगले चालते दवाखाने असलेल्या डॉक्टरांना पुन्हा बाकावर बसवून नवं काही शिकवायचं, असा तो प्रकार. जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात उभा करायचा, ही कल्पना तेव्हा आमच्याकडे इतकी नवी होती की ऐकूनच अंगावर काटा यायचा. शिवाय पुढचे दात हुबेहूब खऱ्यासारखे कसे बनवायचे, हेही शिकवणार होते. प्रत्येकाने आपापला एक पेशंट आणायचा होता. मी हुरळून गेलो होतो. (पेशंट अजून मिळाला नव्हता, पण हुरळायला पेशंट लागत नाही.)

आता आमचे कंपाउंडर शुक्लाजी. हे जर अस्सल लखनवी असते तर कोर्सला 'तालीम' म्हणाले असते. (तेही बरंच झालं म्हणा. सासूबाई सांगलीच्या! 'साहब तालीम को जा रहे हैं' ऐकून जावई या वयात कुस्ती खेळणार, अशी त्यांची समजूत झाली असती.) पण शुक्लाजी इलाहाबादकडचे, शुद्ध हिंदीचे कट्टर अभिमानी. ते ड्रिलला 'वेधनी' म्हणत आणि पेशंट घाबरून पळून जात. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, ही गोष्ट शुक्लाजींना माहीत होती. मराठीत 'शिक्षा' म्हणजे काय, ही गोष्ट सासूबाईंना माहीत होती. शनिवारी दुपारी मी बाहेर गेलो असताना या दोन विद्वानांची गाठ पडली. सासूबाई शुक्लाजींना बेसनाचे लाडू द्यायला खाली आल्या होत्या.

"साहब किधर गया?"

"माताजी, साहब सोमवार की तैयारी में हैं। सोमवार से उनकी निरंतर शिक्षा आरंभ हो रही है।"

लाडवांची बशी तिरपी झाली.

"शिक्षा? हमारे साहब को?"

"जी हाँ, दंत-प्रत्यारोपण में।"

यातला 'दंत' त्यांना 'दंड' ऐकू आला. आणि 'प्रत्यारोपण' ऐकून आरोप-प्रत्यारोप झालेत, हे तर स्वच्छच कळलं.

"कितने दिन का शिक्षा है?"

"दिन कैसे, माताजी?" शुक्लाजी प्रेमाने हसले. "निरंतर है। मनुष्य की शिक्षा तो मरते दम तक चलती है!"

"अगं बाई! और साहब ने नको नहीं बोला?"

"मना क्यों करेंगे? स्वयं आवेदन करके माँगी है!"

"लेकिन कशासाठी? किसके वास्ते?"

"सौंदर्य के लिए, माताजी," शुक्लाजी लाडू तोंडात टाकत म्हणाले. "आजकल तो नगर के सब दंत-चिकित्सक सौंदर्य के ही पीछे हैं।"

सासूबाई जिना कशा चढल्या हे त्यांचं त्यांना माहीत. मोठ्या मुलीचा नवरा जन्मभर आत जाणार, तेही सौंदर्या नावाच्या कुठल्याशा बाईपायी, जिच्यामागे अख्ख्या लखनौचे दातांचे डॉक्टर लागलेत! आणि उद्या धाकटीला बघायला माणसं येणार! हे बाहेर फुटलं तर विद्याचं लग्न या जन्मी होणं नाही. त्यांनी पदर खोचला आणि ठरवलं, रविवार पार पडेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. बिचाऱ्या! एकट्याच ते ओझं घेऊन घरात वावरत होत्या आणि मला वाटत होतं की लखनौचं पाणी त्यांना बाधलंय.

संध्याकाळी जेवताना त्यांनी माझ्या पानात चौथी पुरणपोळी वाढली.

"आई, पुरे!"

"खा हो. पुढं कोण वाढणाराय तुम्हाला?" त्यांनी वर तुपाची धारही सोडली.

"तिथे देतात ना जेवण. चांगलं असतं म्हणे."

"आणि... तिथं काय करतात हो नेमकं?"

सासूबाईंनी माझ्या विषयात पहिल्यांदाच रस घेतला होता! मी पुरणपोळी बाजूला सारून सरसावलो. "पहिल्या दिवशी हिरडी कापायची. मग हाडाला भोक पाडायचं आणि त्यात स्क्रू पिळायचा!"

"जिवंत माणसाच्या?"

"मग काय! आधी इंजेक्शन देतात, त्यामुळे फार ओरडत नाही कोणी."

सासूबाईंनी सुमनकडे पाहिलं. सुमन शांतपणे आमटी भुरकत होती. "अगं, तुला काहीच कसं वाटत नाही?"

"मला काय वाटायचंय? जाऊ दे की त्यांना. तेवढीच घरात शांतता!"

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. माझ्या बोलण्याचा एवढा परिणाम पूर्वी कोणावर झाला नव्हता, म्हणून मी त्यांना स्क्रूची लांबीही सांगितली. उठताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, हात जोडते. उद्या पाहुण्यांसमोर सोमवारचं काही काढू नका." मी जरा दुखावलो. पण हो म्हणालो.

रविवारी आगाशे मंडळी आली. काकू तीस वर्षं लखनौत राहिलेल्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी. श्रीकांतला मराठी सगळी कळायची, पण तोंड उघडलं की हिंदीच बाहेर पडायची. काका भारदस्त, मितभाषी. त्यांनी पोह्यांचा पहिला घास घेतला आणि मला दिसलं की त्यांचा वरचा पुढचा दात अर्धा तुटलेला आहे! माझी नजर तिथेच खिळली. काका डावीकडे वळले, मी डावीकडे वळलो. काकांनी रुमाल तोंडावर धरला.

तेवढ्यात काकू कौतुकाने म्हणाल्या, "अच्छा, तर आमच्या विद्याची शिक्षा कुठे झाली?"

सासूबाईंनी चहाची किटली ठणकन खाली ठेवली.

"विद्याची? विद्याचा काय संबंध हो? कुणी सांगितलं तुम्हाला हे? पोरगी गाईसारखी गरीब आहे! शिक्षा झालीय ती जावयांना!"

"हो, हो, डॉक्टरांची शिक्षा तर चांगलीच झाली असणार," काकू म्हणाल्या.

"चांगली? जन्मभर आत जाणं म्हणजे चांगलं?"

काकू गोंधळल्या. मी गोंधळलो. काकांनी गोंधळून रुमाल खाली घेतला आणि मी पुन्हा दाताकडे बघू लागलो. आता श्रीकांतला वाटलं की आपण परिस्थिती सावरावी. "आंटीजी, आप टेंशन मत लीजिए। आजकल शिक्षा के बिना शादी होती कहाँ है?"

"म्हणजे? तुम्हालाही झालीय?"

"हाँ जी, हम दोनों भाइयों को। और पापा को तो सरकार ने दी थी। विदेश भेजकर!"

सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या. "ऊठ, विद्या! अगं, काळ्या पाण्याला जाऊन आलेलं घराणं हे! एक जावई गेला तेवढा पुरे झाला मला!"

काका पोह्यांची बशी खाली ठेवून कोट सारखा करू लागले. विद्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. (श्रीकांत तिला आवडला होता, हे तिने नंतर सांगितलं, पण मला आधीच दिसायला हवं होतं. मी दात बघत होतो.) लग्न जवळजवळ दाराबाहेर पडलं होतं, तेव्हा सुमनच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अगं आई! हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण!"

"शिक्षण?"

"शिक्षण! आपल्या शिक्षेला इथे सज़ा म्हणतात."

सासूबाईंनी एकेकाकडे पाहिलं. त्यांनी संशयाने विचारलं, "मग सौंदर्या कोण?"

सुमनने माझ्याकडे पाहिलं. काकूंनी पाहिलं. श्रीकांतनेही जरा आदराने पाहिलं.

"अहो, सौंदर्या नाही, सौंदर्य! म्हणजे दात सुंदर करणं!" मी ओरडलो. "म्हणजे समजा, कोणाचा दात असा तुटका, विद्रूप असेल..." आणि समजावून सांगण्याच्या भरात मी आगाशेकाकांचा वरचा ओठ बोटाने वर केला.

व्याही होऊ घातलेल्या माणसाचा ओठ! आता खरोखर संपलं, असं मला वाटलं. काका माझ्या बोटामागून काहीतरी बोलत होते, ते कळेना. पण काकूंनी हात जोडून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "सुपारीने तुटलाय हो! किती साल झाली, सांगून थकले मी. डॉक्टर, हा नीट करा, मुलगी आम्हाला पसंत आहे!"

अशा रीतीने विद्याचं लग्न जमलं आणि मला पेशंट मिळाला. कोर्समध्ये मी काकांचे सगळे दात घासूनपुसून लख्ख केले, आजूबाजूच्या दातांशी रंग तंतोतंत जुळवला आणि पोर्सलिनची अशी सुरेख कॅप बसवली की दिल्लीहून आलेल्या सरांनी ती वर्गाला दाखवली. "काका, यावर आता जन्मात डाग पडणार नाही!" मी छाती फुगवून सांगितलं.

आणि खरंच पडला नाही! लग्नापर्यंतच्या तीन महिन्यांत काकांनी पान पूर्ववत सुरू केलं. बाकीचे सगळे दात आपल्या मूळच्या काताच्या रंगावर गेले आणि मधोमध माझा एकटाच पांढराशुभ्र राहिला. काकांनी तोंड उघडलं की समोरच्याला दुसरं काही दिसेना.

सांगलीला लग्नात काकांनी तोंड उघडलंच नाही. हसले नाहीत, बोलले नाहीत, पंगतीत जेवलेसुद्धा भिंतीकडे तोंड करून. झालं! व्याही रुसले, अशी मांडवभर कुजबुज सुरू झाली. सासऱ्यांनी शालजोडी दिली. काकांनी मान हलवली, पण ओठ घट्ट. सासऱ्यांनी चांदीचं तबक दिलं. तरी घट्ट. शेवटी सासरे हात जोडून उभे राहिले, "काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या." काकांच्या डोळ्यांत माझ्याविषयी जे काही होतं ते मी वाचलं आणि खांबाआड सरकलो.

सासूबाईंनी मला तिथूनही शोधून काढलं. "जावईबापू, तुम्ही एवढे निरंतर शिकता, व्याह्यांच्या तोंडून एक शब्द काढता येत नाही तुम्हाला? काय बिनसलंय त्यांचं?"

त्या अख्ख्या मांडवात तोंड मिटून बसलेली माणसं दोनच होती: एक आगाशेकाका, आणि दुसरा त्यांचा डॉक्टर.