कापूर लावायच्या आधी

चिकपेटच्या मागच्या गल्लीत कृष्णाजी मिस्त्रीचं गॅरेज होतं, आणि गॅरेजच्या मागंच दोन खोल्यांचं घर. हे ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराचं सांगतेय, लिहून घेतेयस तर नीट लिही. दुसरं कुणी हात लावायचं नाही असल्या जुन्या-पान्या मोटरसायकली त्याच्याकडं यायच्या. आणि त्याचं नाव कशानं झालं होतं, तर नाकानं! गाडी गल्लीच्या तोंडाशी असायची तोवर हा म्हणायचा, "पेट्रोल गळतंय हिचं." मग खाली वाकून हुंगायचा नि सांगायचा, हे टाकीखालच्या कॉकपाशी, म्हणजे तोटीपाशी गळतंय, हे कार्बोरेटर भरून वाहतंय. आधी नाक, मग पाना.

त्याच्या बायकोला, विठाबाईला, त्या नाकाचं भारी कौतुक. आमटीला फोडणी बसली की हा दुकानातनं ओरडायचा, "विठा, वास सुटला गं मस्त!" एवढं ऐकलं की तिचं पोट भरायचं.

त्या वर्षी पावसाळ्यात कृष्णाजी तापानं फार दिवस अंथरुणाला खिळला होता. बरा झाला, पुन्हा दुकानात उभा राहिला. सगळं पहिल्यासारखं. एकदा मात्र विठाबाई नळावर गेली होती, आणि परत येते तर दूध उतू जाऊन करपून काळं ठिक्कर, घरभर जळका वास, आणि हा चुलीच्या शेजारी बसून पेपर वाचतोय!

"अहो, घर जळलं तरी कळायचं नाही तुम्हाला!"

"बातमीत गुंतलो गं," म्हणाला.

तिला वाटलं, पुरुषमाणूस, लक्ष नसेल. सोडून दिलं.

मग आली खंडेनवमी, इकडं कानडी मुलखात सगळे आयुधपूजा म्हणतात ती. त्या दिवशी गॅरेज ओळखू यायचं नाही. पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर सगळं सोडासाबणानं धुऊन देवापुढं मांडायचं. एकदा मांडलं की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या आणायची, धुवायची, हार घालायची. मग कोहळ्यावर कापूर पेटवून गाडीवरनं ओवाळायचा आणि चाकापुढं फोडायचा.

त्याच दिवशी नेमका विठाबाईला कावळा शिवलेला. म्हणजे चार दिवस बाजूला बसायचं, कशाला शिवायचं नाही. पूजेजवळ तर नाहीच नाही. तिची सासू गोदूबाई त्या बाबतीत फार कडक. विठाबाई बिचारी समोरच्या घराच्या पायरीवर बसून लांबनंच बघत होती.

बँकेतले सुब्बाराव आपली जुनी, जाड टाकीची मोटरसायकल घेऊन आलेले. आदल्या दिवशी कृष्णाजीनंच ती नीट करून दिली होती. त्यांची चिमुरडी, शिल्पाश्री, नवं परकर-पोलकं घालून टाकीवर ऐटीत बसलेली. उतरायला तयारच नाही.

"अप्पा, मलाही आरती," म्हणत होती.

तेवढ्यात वारा फिरला आणि विठाबाईच्या नाकात वास शिरला. पेट्रोल!

तिला वाटलं, गॅरेज आहे, येणारच वास. मग तिच्या लक्षात आलं, आज कसा येईल? पहाटेपासून सगळं धुतलंय, शेणसडा झालाय, सांबराणीचा धूर चाललाय. हा वास ताजा होता, नाकात झोंबणारा. तिनं मान उंच करून बघितलं. सुब्बारावांच्या गाडीखाली ठिबक ठिबक चाललेलं, रांगोळीचे रंग त्यात वाहून गेलेले.

सुब्बारावांनीही बघितलं. "अण्णा, काय हो ठिबकतंय हे?"

कृष्णाजी वाकला. अगदी इंजिनपाशी नाक नेलं, नेहमीसारखं हुंगलं, आणि उठून म्हणाला, "पाणी आहे. आत्ताच धुतलीय न्हवं गाडी."

मला इतक्या लांबनं येतोय वास, आणि ह्या माणसाचं नाक तिथं टेकलेलं! पाणी म्हणतो? तिला एकदम ते करपलेलं दूध डोळ्यांपुढं आलं. अगं बाई, ह्यांना वासच येत नाही!

"थांबा!" ती ओरडली. पण घंटा एवढी बडवत होते की कुणाला ऐकू जातंय? कृष्णाजीनं काडी ओढली. कोहळ्यावरचा कापूर भडकला. ओवाळायला म्हणून तो एक पाऊल पुढं सरकला.

विठाबाई धावली ती कशी धावली तिचं तिलाही कळलं नाही. तांब्या लाथेनं उडाला, फुलं तुडवली. मधे शिरून तिनं उघडा तळहात जळत्या कापरावर दाबला. चर्र झालं. ज्वाळा विझली. दुसऱ्या हातानं पोरीला टाकीवरनं ओढून छातीशी धरलं.

घंटा थांबली.

"शिवलीस!" गोदूबाई किंचाळली. "पूजेला शिवलीस, अवदसे! वर्षाच्या सणाला—"

"पेट्रोल आहे ते," विठाबाई म्हणाली.

सुब्बारावांनी खाली बोट बुडवलं, नाकाशी नेलं. "अय्यो, देवा!" एवढंच म्हणाले आणि मुलीकडं बघत मटकन खाली बसले.

कृष्णाजीनं टाकीखालचा कॉक बंद केला. सगळ्यांनी मिळून गाडी ढकलत रस्त्यावर नेली, खाली वाळू टाकली. मग तो बायकोचा भाजलेला तळहात हातात घेऊन बसला. वर बघेना.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"तापानंतर. वाटलं, येईल स्वल्प दिवसात. लोक नाकासाठी येतात गं माझ्याकडं. सांगणार कुणाला?"

विठाबाईला कापराचा चटका बसला नव्हता एवढा ह्याचा बसला. "मग आमटीचा वास सुटला म्हणायचात रोज, ते?"

"फोडणी चरचरलेली ऐकू यायची. तुला बरं वाटायचं म्हणून म्हणायचो."

आता ह्यावर रडायचं की भांडायचं? तिनं दोन्ही केलं.

दुसऱ्या दिवशी पूजेतनं हत्यारं उठवली आणि कृष्णाजीनं सुब्बारावांच्या गाडीचा कार्बोरेटर खोलला. आत पितळेची पोकळ डबी असते, फ्लोट म्हणतात. ती पेट्रोलवर तरंगते आणि पुरेसं भरलं की वाट बंद करते. त्यानं ती कानाशी हलवली, तर आत डुचमळलं. गोदूबाईकडनं पातेलंभर कढत पाणी मागवलं आणि डबी त्यात बुडवली. सांध्यापाशी बारीक बुडबुडे आले. सुईच्या टोकाएवढं भोक! डबी भरून बुडलेली, वाट उघडीच राहिलेली, पेट्रोल वाहतच होतं.

"पूजेच्या आदल्या दिवशी वास आला असता तर तेव्हाच उघडला असता," एवढंच तो म्हणाला.

त्यानंतर त्यानं गिऱ्हाइकांना सरळ सांगून टाकलं. काही गेले, बरेच राहिले. गाडी दुरुस्त झाली की विठाबाईला हाक जायची. ती पिठाचे हात पदराला पुसत यायची, वाकून हुंगायची, मगच गाडी बाहेर पडायची. आणि जेवायला वाढताना ती आपणहून सांगायची, "आज हिंग जरा जास्त पडलाय बघा, खमंग वास आहे." तोही मान डोलावून जेवायचा, खोटं काही बोलायचा नाही.

पुढच्या खंडेनवमीला कोहळा घेऊन कृष्णाजी उभा, काडी हातात, पण ओढेना. विठाबाईला नेमका पुन्हा कावळा शिवलेला, ती त्या पायरीवरच बसलेली. ह्या वेळी हाक गोदूबाईनंच मारली, "ये गं आत. आधी वास घे. देवाला मी सांगते काय सांगायचं ते."

विठाबाई आली. एकेका गाडीपाशी वाकली. मग सरळ उभी राहून म्हणाली, "सरी, ठीक आहे. लावा आता."