याले थंडी हवा देत जा

धर्मपालला आमच्या दुकानात सगळे 'उलटा हात' म्हणतात. कोणत्याही यंत्राला तो आधी बोटांच्या पाठीकडून हात लावतो, मगच पुढचं काम. तळहात विजेवर पडला तर मूठ आवळते आणि सुटत नाही. उलटा हात झटक्यासरशी मागे फेकला जातो, एवढं साधं कारण. पण बघणाऱ्याला वाटतं, गडी ताप आलेल्या लेकराचं कपाळ पाहतोय. आम्ही त्याची मनसोक्त टर उडवली. यंदाच्या उन्हाळ्यात त्याच उलट्या हाताने अकोटच्या एका पोरीचा जीव वाचला. मी तिथेच उभा होतो.

आमचं दुकान अकोल्याला. मी स्टोअर सांभाळतो, धर्मपाल फिरतीवर असतो. अकोट, भातकुली, नांदगाव खंडेश्वर, एसटी जाईल तिथे तो जातो. त्याचं काम नेटवर्कच्या स्विचचं. स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे, एकाच इंटरनेटची लाइन अनेक कॉम्प्युटरांना वाटून देणारा चपटा लोखंडी डबा, हे समजावण्यात त्याची अर्धी हयात गेली. नांदगावला एका बाईंनी तरीही त्याच्याकडून पंख्याचं बटण बसवून घेतलं, आणि हा शहाणा बसवूनही आला. वर चहा पिऊन आला.

त्या डब्यात सगळ्यात आधी मरतो तो पॉवर सप्लाय, म्हणजे बाहेरची वीज डब्याला पचेल अशी करून देणारा भाग. डब्यावरचे दिवे विझले की धर्मपाल आधी भिंतीतल्या सॉकेटवर मीटर लावतो, मग वायर बदलून पाहतो, मग डब्याला नाक लावून जळका वास घेतो. सप्लाय गेलाच असेल तर नवा टाकतो आणि निघताना न चुकता एक वाक्य सांगतो, "याले थंडी हवा देत जा." हे वाक्य तो इतक्या वर्षांत इतक्या ठिकाणी बोललाय की झोपेतही बोलत असेल. चुकीचंही काही नाही त्यात. आमच्याकडच्या मे महिन्यात माणसं उकडतात, तिथे डब्याचं काय.

अकोटला एका विहारात मुलींची अभ्यासिका आहे. एसटीतून निवृत्त झालेले वाहक उत्तमराव ती चालवतात. माणूस लाख मोलाचा. पोरी तिथे भरतीच्या परीक्षांची तयारी करतात, सराव परीक्षा कॉम्प्युटरवर देतात. उन्हाळा लागला तसा तिथला स्विच बंद पडला. धर्मपालने सप्लाय बदलला. थोड्या दिवसांनी तोही गेला, मग त्याच्यानंतरचाही. प्रत्येक वेळी मी कपाटातून नवा काढून द्यायचा, आणि प्रत्येक वेळी मालकाच्या कपाळावर आठी. शेवटी मालक उखडले. पुन्हा तो सप्लाय गेला तर धर्मपालला फिरतीवरून काढतो, म्हणाले, आणि तो तिथे नक्की काय दिवे लावतो ते पाहायला मला त्याच्यासोबत धाडलं. उत्तमरावांना कळवायचं नाही, असंही बजावलं.

आम्ही दोघे एसटीने निघालो. धर्मपालचंही डोकं चालेनासं झालं होतं. सॉकेटवर वीज नीट यायची, डबा तापलेला नसायचा, आत फक्त पांढरी भुकटी दिसायची. ती भिंतीचा चुना असेल असं त्याने धरलं होतं, कारण विहाराच्या भिंतीला खरंच पोपडे आलेत. मी त्याला वाटेत दोन शब्द सुनावलेही. माल स्टोअरमधून जातो, राग मला येणारच.

भर दुपारी पोचलो. विहारात चपला बाहेर काढायच्या, तशा काढल्या आणि अनवाणी आत गेलो. फरशी पायाला ओली लागली. कोपऱ्यात लोखंडी रॅक, रॅकमध्ये स्विच, आणि रॅकला अगदी चिकटून, स्विचकडे तोंड करून ठेवलेला भला मोठा लोखंडी कूलर. पलीकडून एक मुलगी पाण्याने भरलेली बादली दोन्ही हातांनी उचलून कूलरकडे येत होती. तिचं नाव दीक्षा, हे मला नंतर कळलं.

धर्मपाल कूलरकडे पाहत क्षणभर थबकला. मग सवयीने त्याने बोटांची पाठ रॅकला टेकवली.

त्याचा हात असा मागे फेकला गेला की तो माझ्यावर आदळला. डोळे त्या पोरीवर होते, आणि ती कूलरपासून हातभर अंतरावर होती.

"पोरी, जागीच थांब," तो म्हणाला. ओरडला नाही. "बादली खाली ठेव. कायलेच हात लावू नको."

ती थांबली. मी धावत जाऊन दाराजवळचं मेन बटण पाडलं. पंखे मंदावत गेले तसे आत अभ्यास करणाऱ्या पोरी माना वर करून पाहू लागल्या. दीक्षाने धर्मपालला हळूच सांगितलं की तिने कूलरचं बटण आधीच बंद केलं होतं, बंद केल्याशिवाय ती कधी पाणी भरत नाही. खरंच बंद होतं ते. दर उन्हाळ्यात पेपरात कूलरच्या शॉकची एखादी तरी बातमी येते, आणि सगळे जण बटण बंद करायला सांगतात. या पोरीने ते मनावर घेतलं होतं आणि तरीही ती मेली असती. वीज कूलरची नव्हतीच. ती स्विचमधून रॅकमध्ये आणि रॅकमधून कूलरच्या पत्र्यात उतरली होती. ओली फरशी, अनवाणी पाय, हातात भरलेली बादली.

धर्मपालने डबा उघडला. वायर जिथे आत येते तिथेच पांढरा, ओलसर थर साचून काळा पडला होता. त्याने बोटाने चिमूटभर उचलून वास घेतला, मग जिभेच्या टोकाला लावला आणि थुंकला. ते मीठ होतं. त्या भागातलं बोअरचं पाणी खारं, बादली वाळली तर तळाला पांढरं राहतं. तेच पाणी कूलर बारीक करून रात्रंदिवस डब्यावर फुंकत होता. स्विचच्या प्लगचा जमिनीकडे वीज नेणारा जाड पाय तर कोणीतरी केव्हाच मोडून टाकला होता, दोन भोकांच्या बोर्डात बसेना म्हणून. असे पाय मोडणाऱ्यांचे हात बांधून ठेवले पाहिजेत, हे मी कित्येक वर्षं बोंबलतोय.

तेवढ्यात उत्तमराव आले. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा खुलला, आणि नेहमीप्रमाणे ते कूलरचं तोंड आमच्याकडे वळवायला पुढे झाले. पाहुण्याला हवा लागली पाहिजे ना. धर्मपालने त्यांचा दंड धरला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा इथे कितीदा येऊन गेला तरी कूलर त्याला स्विचसमोर दिसला कसा नाही. कळवून यायचा, त्यामुळे कूलर आधीच त्याच्या खुर्चीकडे वळवलेला असायचा. त्याच हवेत बसून तो डबा दुरुस्त करत होता.

"दादा, फ्यूज उडत नाई का आता?" धर्मपालने विचारलं.

"पयले सारखा उडे," उत्तमराव अभिमानाने म्हणाले. "पोरीयचा अभ्यास बुडून राहिला होता. मंग म्या जाड तार टाकली. आता काई उडत नाई."

म्हणजे इतके दिवस फ्यूज उडत होता आणि सप्लाय जळत होता, म्हणून माणसं वाचत होती. आम्ही ज्याला बिघाड म्हणून शिव्या घालत होतो तोच राखण करत होता, आणि आता तोही संपला होता.

"अन् कूलर इथं कावून ठेवला, दादा?"

उत्तमराव गोंधळले. आम्ही थट्टा करतोय असंच त्यांना वाटलं असावं.

"तुमीच तं म्हणले होते," ते म्हणाले. "याले थंडी हवा देत जा."

धर्मपालच्या तोंडचं पाणी पळालं. इतका पडलेला चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता, त्याचे वडील गेले तेव्हाही नाही. आमच्या वऱ्हाडात थंडी हवा म्हटलं की कूलर, दुसरं काय असतं? त्याच्या स्वतःच्या घरातही तेच आहे. त्याला म्हणायचं होतं खिडकी उघडी ठेवा, डब्याला भिंतीपासून जरा सरकवा. ते त्याने सांगितलंच नव्हतं. सांगायची गरज कुणालाच वाटली नव्हती.

तो उठून बाहेर गेला आणि विहाराच्या पायरीवर बसला. खिशातून फोन काढला. मला वाटलं मालकाला लावतोय. त्याने भातकुलीच्या टायपिंग क्लासच्या रागिणीताईंना लावला. उजव्या हाताची बोटं अजून वळत नव्हती म्हणून त्याने स्पीकर सुरू केला. त्याने एवढंच विचारलं, तुमच्या स्विचसमोर कूलर आहे का.

"हाव ना दादा," ताई म्हणाल्या. "तुमीच तं सांगतलं होतं. पंप बंद पडला वाटते त्याचा, थोच पाह्यतो म्हणलं. झाकण काढून राहिली आता."

"ताई, हात काढा," धर्मपाल म्हणाला. "आंदी हात काढा, मंग बोला."

फोनवर काहीच आवाज येईना. पायरी तापलेली होती, पण आम्ही दोघेही तिच्यावरून हललो नाही. मग काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

"काढला," ताई म्हणाल्या. "कावून, काय झालं?"

धर्मपालने फोन माझ्यासमोर धरला. त्यांना मेन बटण पाडायला मीच सांगितलं, आणि मी येईपर्यंत त्या खोलीत कोणाला पाऊल ठेवू देऊ नका म्हणून बजावलं. फोन बंद झाल्यावर त्याने तो माझ्या हातात दिला.

"भाऊ, नांदगावले तुमी लावा," तो म्हणाला. "सगळ्यायले तेच सांगतलं म्या."

मी नंबर लावला.